उत्तरेचं भगदाड

मेदेर गेला तेव्हा त्याच्या नव्या घराला छप्पर होतं, खिडक्या नव्हत्या. भिंतींतल्या भगदाडांवर प्लास्टिक ठोकलेलं होतं. उन्हाळा तसाच गेला. पण आमच्या डोंगरातल्या नारीन गावची थंडी उणे तीस अंशांपर्यंत उतरते, प्लास्टिकमागे माणूस टिकत नाही. म्हणून पानं पिवळी पडायला लागल्यावर त्याची बायको बुरुल आणि आई कानिम खिडक्या-दारं बघायला बाजारात गेल्या.

दुकानदारीण जिपार तोंडाची फटकळ. "घराचं तोंड कुठं गं?"

"दक्षिणेला," बुरुल म्हणाली. हल्ली विचारलं तेवढंच बोलायची. मेदेरचा ट्रक घाटात उलटल्यापासून भूक, राग, झोप, सगळं तिला शेजारच्या घरात चालल्यासारखं वाटायचं.

"मग दक्षिणेला मोठ्या घे, दुहेरी काचेच्या. दिवसभर ऊन आत येईल. आणि उत्तरेला?"

"एक आहे. मोठी."

"मोठी? कोळसा घरासाठी जाळणार की डोंगराला शेक देणार? तिहेरी काच घे आणि हातभरच ठेव. नाहीतर बुजवूनच टाक."

"ती राहू दे," कानिम म्हणाली.

"का हो आजी, तिकडून कोण व्याही येणार आहेत?"

कानिमने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "राहू दे म्हटलं."

"आई, तिकडून नुसता वारा येतो," बुरुल म्हणाली.

कानिमने तिच्याकडे पाहिलं. "घर तुझं आहे बाई."

बुरुलने तो होकार धरला. उत्तरेची खिडकी रद्द झाली. दारही जिपारनेच ठरवलं. पत्र्याचं नको, आतून बर्फ धरतं. जाड, आत कापूस भरलेलं घे, पुढं छोटी पडवी काढून दुसरं दार बसव. बुरुल मान हलवत गेली.

गवंडी आले त्या दिवशी कानिमने त्यांना चहा दिला आणि ते भगदाड बुजवून होईपर्यंत शेजारणीकडे जाऊन बसली.

घर छान तापलं. आयाबाया येऊन हात लावून बघायच्या, नशीब काढलंस म्हणायच्या. बुरुलनेही एकदा काचेला तळवा लावला. गार नव्हती. तिने हात काढून घेतला.

भर हिवाळ्यात एका सकाळी चहा ओतला तरी कानिम आत येईना. रोज ती नमद्याचे, लोकर कुटून केलेले बूट घालून बाहेर जायची. गोठ्यात जात असेल, असं बुरुल धरून चालली होती. त्या दिवशी ती शोधायला निघाली. सासू घरामागं, बुजवलेल्या भिंतीला पाठ लावून उभी होती.

"आई! नाक पांढरं पडलंय तुमचं. काय बघताय?"

"टेकडी."

टेकडीवर कबरस्तान होतं. बायका दफनाला जात नाहीत. मेदेरला पुरलं त्या दिवशी दोघी अंगणातल्या नमद्याच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून रडत बसल्या होत्या. निदान बुरुलला तसंच आठवत होतं.

"मी उठले होते मधेच," कानिम म्हणाली. "घरात जाऊन त्या भगदाडाशी उभी राहिले. प्लास्टिक फाडलं जरासं. माती लोटून सगळे खाली येईस्तोवर बघितलं त्याला."

"मला सांगायचं होतंत ना!"

"कुणाला सांगू? तू होतीस का जागेवर?"

बुरुलने वाट पाहिली, आता रडू येईल म्हणून. आलं नाही.

"वसंतात फोडून घेऊ भिंत," ती म्हणाली.

"काही नको. घर ऊबदार झालंय, राहू दे." कानिमने बोट केलं. "तुला दिसतोय का? पाण्याच्या टाकीच्या वर, त्याच्या कबरीचा काळा कठडा."

बुरुलने डोळे बारीक केले. दिसला. बर्फात एक काळी रेघ, बस. पायाची बोटं जाणवेनाशी होईपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सासूने बूट चढवले तेव्हा बुरुलनेही कोट घातला. बर्फ वितळेपर्यंत त्या रोज गेल्या. मग गवंडी दुसऱ्या गावच्या कामाला लागले, आणि भिंतीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.