पानाच्या बगलेतली फूट

मारुतीराव साहेबांस्नी दोन डोळं हायत, वर जाड चष्मा हाय, आणि तरी तेंला मूळ कुठलं आणि फूल कुठलं कळत न्हाय. इंजिनियर म्हणून रिटायर झाल्याला माणूस! बेळगावात टिळकवाडीला बंगला, कलकत्त्यास्नं आणल्यालं आर्किडचं एक झाड, आणि त्या झाडाम्होरं खुर्ची टाकून बसायचं, हेच काम. झाड तीन वर्सं पोसलं म्या. पाणी मी घालायची, पानं मी पुसायची. तेंनी नुसतं बघायचं आणि चुकायचं.

कुंडीतनं एकांदं हिरवं टोक वर आलं की साहेब वरडलंच, "नागुबाई, कळी! कळी आली!" मग शेजारपाजारची चार माणसं चहाला. समदी वाकून वाकून बघायची, वा वा करायची. महिन्याभरात ते टोक खाली वळायचं, अंगावर राखंसारखा पांढरा थर चढायचा, आणि कुंडीबाहेर लोंबाय लागायचं. मूळ! तीनदा झालं असं. तीनदा चहा ढोसून ती चार माणसं चवथ्यांदा बी आली. तेंची अक्कल बी तेवढीच.

म्या सांगितलं न्हाय असं न्हाय. आदी मी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मडमेकडं कामाला होतो, तिच्याकडं असली धा झाडं होती. म्हटलं, "साहेब, मुळीचं तोंड गोल असतंय, गुळगुळीत. ती कुठनंबी निघती, कुठंबी हिंडती. फुलाची दांडी पानाच्या बगलेतनं येती. टोक चपटं, मूठ मिटून अंगठा जरा बाजूला काढावा तसं. आणि ती उजेडाकडं वर जाती."

साहेब हसलं. "अगं, तू तंबाखूतली बाई. तुला काय कळतं यातलं?"

तंबाखूतली तर हायच की! लेक हिकडं कारखान्यात लागला म्हणून बेळगावला आलो, न्हायतर तीस वर्सं निपाणीत गेली माजी. सुगीला वखारीत, बाकी शिवारात. तंबाखूला फूल ठेवत न्हाईत. शेंडा खुडायचा, पानाच्या बगलेत फूट दिसली की मोडायची, तवा पान जाड होतंय. एका ओळीला एक बाई. तोंडानं बोलणं चालू, हातानं खुडणं चालू. आणि वखारीत मला नाव न्हवतं. सतरा नंबर. "ए सतरा, हिकडं ये," असं मुकादम बोलवायचा, आणि मी जायची.

म्हणून साहेब एक दिवस बोललं ते माज्या मनात बसलं. गावात फुलांचं प्रदर्शन भरतंय, तिथं माळ्यांचा येगळा नंबर काढत्यात. साहेब म्हणालं, "ह्याला फूल आलं ना, तर कुंडीवर तुझ्या नावाचं कार्ड लावीन." मला लिवाय वाचाय येत न्हाय. पण माजं नाव कुणीतरी वाचावं, चार लोकांत, मोठ्यानं. लई वाटत होतं. हसा तुमी.

आणि त्या चौऱ्याऐंशी सालात दिवाळीनंतर दांडी आली. खरी! खालनं दुसऱ्या पानाच्या बगलेत, चपट्या तोंडाची. म्या बघितली आणि गप बसलो. म्हटलं, बघू तर ह्या शहाण्याला कवा कळतंय. साहेब रोज तिथंच बसून पेपर वाचायचं, आणि पलीकडं लोंबणाऱ्या चवथ्या मुळीलाच कळी समजून खुश व्हायचं. मला आतनं गुदगुल्या व्हायच्या.

दांडी चार बोटं झाली तवाची गोष्ट. मी पानं पुसत होतो. खिडकीत तानुबाई दूध घालाय आलती. तिला म्या साहेबांची नक्कल करून दावत होतो. चष्मा नाकावर, मान तिरपी, "नागुबाई, कळी!" तानुबाई पोट धरून हसत होती. मलाबी चेव आला. एक हात कमरेवर, दुसरा पानातनं चाललाय, तोंड चाललंय.

टच् असा आवाज झाला. बघतोय तर दांडी माज्या बोटांत. बुडापास्नं, तंबाखूची फूट मोडावी तशी साफ मोडल्याली. जळलं मेलं माजं वळण! ज्या साहेबांला डोळं न्हाईत म्हणून मी हसत होतो, तेंनी निदान हात तरी लावला न्हवता.

लपवायचा इचार आला मनात. पण न्हाय लपवलं. दांडी हातावर ठेवून साहेबांम्होरं हुबी ऱ्हायलो. "साहेब, फूल खुडलं म्या. चुकून."

साहेबांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि हसलं. "मूळ आहे गं हे. बरं केलंस, मुळं फार झाली होती. फूल ते बघ!" म्हणून तेंनी त्या लोंबत्या मुळीला सुतळी घातली, वर ओढली, आणि काठीला बांधली. "न्हाय हो साहेब, ती मुळी हाय," म्हणून मी गळा काढून सांगितलं. "तुला काय कळतं?" झालं. माज्यामुळंच तेंचं खरं ठरलं, कारण आता झाडाला दुसरं दावायला काय उरलंच न्हवतं.

प्रदर्शनाला कुंडी गेली. काठी, सुतळी, मुळी आणि माज्या नावाचं कार्ड. मी नवं लुगडं नेसून कोपऱ्यात हुबी. परीक्षक आलं, वाकलं, आणि कार्ड मोठ्यानं वाचलं, "नागुबाई भरमू, निपाणी. अहो नागुबाई, हे मूळ आहे! मुळाला काठी कशाला बांधलीत?"

मांडवभर हशा झाला. चहा पिणारी ती चार माणसं सगळ्यात जोरात हसली. साहेब दोन पावलं मागं सरलं. "तंबाखूतली बाई आहे हो," म्हणालं, "तिला काय कळतंय."

जिभेवर आलतं माज्या, काठी ह्येंनी बांधली म्हणून. पण मग दांडी कुठं हाय म्हणून इचारलं असतं कुणीतरी, आणि ते सांगाय मला जमलं नसतं. परीक्षकांनी परत हाक मारली, "नागुबाई कोण?"

"व्हय," म्या म्हटलं, "मीच ती."