थियाच्या नावाची तारीख

मेडिकल कॉलेजात शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी थिया लँडग्रेन माझ्यासमोर उभी होती आणि तिथून थेट शेवटच्या वर्षापर्यंत आम्ही एकमेकींना सोडलं नाही. मी कॉलेजच्याच गावात, मिलवॉकीत वाढलेली. माझे बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. तिचे वडील मॅडिसनला डोळ्यांचे सर्जन. मला जे पाठ करायला रविवार लागायचा ते तिला एका वाचनात यायचं, आणि वर ती म्हणायची, "वांडा, तू नसतीस तर मी नापास झाले असते." ते ती मनापासून म्हणायची, म्हणून जास्त लागायचं.

रेडिओलॉजी घ्यायचं मी दुसऱ्या वर्षीच ठरवलं होतं. शेवटच्या वर्षाच्या तोंडावर एक दिवस कॅन्टीनमध्ये राजमा-खिम्याची चिली खाता खाता ती म्हणाली, "मीपण रेडिओलॉजीलाच अर्ज करते. दोघी असलो की मजा येईल."

मजा! तिचे मार्क माझ्यापेक्षा वीसने जास्त होते.

रेडिओलॉजीत जागा मिळाली तरी तिथे लगेच जाता येत नाही. आधीचं एक वर्ष दुसरीकडे कुठेतरी, मेडिसिनमध्ये किंवा सर्जरीत, राबून काढावं लागतं. त्याला आम्ही प्रिलिम म्हणतो. त्याचे अर्ज वेगळे, मुलाखती वेगळ्या. बोलावण्याची मेल आली की तारखा दाखवतात, आणि बोलावलेले जास्त, तारखा कमी. दहा-पंधरा मिनिटांत सगळ्या संपतात. त्या वेळी तुम्ही ऑपरेशनला उभे असाल तर गेली तारीख. म्हणून वर्गातल्या प्रत्येकाने कोणा ना कोणाला पहाऱ्याला बसवलेलं. कोणाची बायको, कोणाची आई. आमच्यात ठरलं होतं की एक आत गेली की दुसरीने तिचा फोन सांभाळायचा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मला प्रिलिमच्या दोन मुलाखती मिळाल्या होत्या आणि दोन्ही तारखा थियाने माझ्या फोनवरून घेतल्या होत्या. तिच्या स्वतःच्या सहा झाल्या होत्या.

मला खरं तर एकच जागा हवी होती. तळ्याकाठचं छोटं हॉस्पिटल, बाबांच्या घरापासून आठ मिनिटांवर. बाबांना पार्किन्सन होऊन तीन वर्षं झाली होती, शर्टाची बटणं लावायला त्यांना अर्धा तास लागायचा. आई नव्हती. आणखी एक वर्ष घराजवळ मिळावं, एवढीच माझी इच्छा. थियानेही तिथे अर्ज केला होता. का, असं विचारल्यावर म्हणाली, "काम कमी आहे म्हणतात, आणि तळं दिसतं खिडकीतून."

त्या मंगळवारी सकाळी ती पित्ताशयाच्या ऑपरेशनला आत गेली. जाताना फोन माझ्या हातात कोंबला.

"मेल आली तर दिसेल ती पहिली तारीख घे. मला विचारत बसू नकोस."

"आणि नाताळच्या आदल्या दिवशीची असली तर?"

"तरी घे गं बाई!" आणि टोपीत केस खुपसत ती गेली.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिचा फोन वाजला. तळ्याकाठचं हॉस्पिटल. 'आपल्याला मुलाखतीस बोलावताना आनंद होत आहे.' खाली अकरा तारखा.

मी माझा फोन काढला. काही नव्हतं. मेल पुन्हा उघडली, बंद केली, स्पॅमचं फोल्डर बघितलं. काही नाही. वाटलं, नावांच्या क्रमाने पाठवत असतील. पण माझं आडनाव कुबियाक. तिच्या आधी यायला हवं होतं.

तिच्या फोनवर तारखा सात झाल्या होत्या.

एका बोटाचं काम होतं. मी ते बोट उचललंही. पण डोळ्यांसमोर आली थिया, खिडकीतून तळं बघणारी. छातीपासून घशापर्यंत काहीतरी कडू चढत गेलं. हिला सगळं मिळतं. हिला हवं असतं म्हणून नाही, असंच मिळतं. चार तारखा उरल्या. मनात म्हटलं, माझी मेल येऊ दे, मग दोघींच्या एकदम घेते. दोन उरल्या. मी तिचा फोन ॲप्रनच्या खिशात टाकला, जिना उतरून खाली गेले, कॉफी घेतली, तिच्यात दूध घातलं, साखर घातली. मी साखर घेत नाही. वर येऊन बघितलं तर 'सर्व तारखा भरल्या आहेत. आपले नाव प्रतीक्षायादीत आहे.'

थिया बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "मला वॉर्डात बोलावलं होतं. येऊन बघते तर संपल्या होत्या. सॉरी, थिया."

माझा आवाज कापत होता आणि तिला तो वेगळ्याच कारणाने कापतोय असं वाटलं. तिने मला जवळ घेतलं. "अगं, रडतेस काय? मुलाखत गेलीय, मूत्रपिंड नाही. थांब, मी फोनच लावते."

आणि तिने तिथल्या तिथे लावला. मुलाखती ठरवणाऱ्या बाईंचं नाव डॉटी. थियाने दोन मिनिटांत त्यांना हसवलं, यादीत आपलं नाव पहिलं करून घेतलं, आणि मग म्हणाली, "अजून एक सांगू का? माझी मैत्रीण आहे, वांडा कुबियाक. तिला तुम्ही बोलावलंच नाहीये. तिचे वडील तुमच्या मागच्याच गल्लीत राहतात, आजारी असतात. माझ्यापेक्षा तिला जास्त गरज आहे. एकदा तिचा अर्ज काढून बघा ना. प्लीज, डॉटी."

मी शेजारी उभी राहून जमिनीकडे बघत होते.

आठवड्याने डॉटींचा फोन आला, मला. "नऊ डिसेंबरची एक जागा मोकळी झालीय. यादीत तुमच्या मैत्रिणीचं नाव आधी होतं, पण तिनेच तुमच्यासाठी एवढी गळ घातली होती. येताय ना?"

मी हो म्हटलं. विचार करायलासुद्धा थांबले नाही.

थियाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वा! छान झालं." मग बुटाची नाडी बांधायला वाकली, जी बांधलेलीच होती. "यादीत पहिलं नाव माझं होतं ना?"

चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर मी ते बघितलं, जे माझ्या चेहऱ्यावर रोज असायचं. आणि मला बरं वाटलं. चांगलं दोन दिवस बरं वाटलं.

शुक्रवारी बाबांबरोबर तळलेला मासा खायला गेले. मी त्यांना मुलाखतीचं सांगितलं, थियाने केलेल्या फोनचंही. बाबांचा काटाचमचा थरथरत बशीवर वाजत होता. "पोरगी भली आहे," ते म्हणाले. "तिला घेऊन का नाही आलीस?"

मी उरलेला मासा बांधून घेतला.

शनिवारी सकाळी मी तिच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगून टाकलं. कॉफीतल्या साखरेपर्यंत.

ती पलंगाच्या कडेला बसली. मग विचारलं, "किती वेळ बघत होतीस?"

"दहा मिनिटं असेल."

"दोन उरल्या होत्या तेव्हापण?"

"हो."

"आई म्हणाली होती, मेलचा पासवर्ड मला दे, मी दिवसभर घरीच असते. मी म्हटलं, वांडा आहे." ती उठून खिडकीशी गेली. "माझा एवढा राग येत होता तर बोलायचंस तरी."

"बोलून काय झालं असतं?"

"भांडलो असतो! माणसं भांडतात, वांडा."

मी म्हटलं, "मी ती तारीख सोडते. डॉटींना सांगते तुला द्यायला."

"काही नको. जा तू." ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज सरळ. "मी तुझ्या बाबांसाठी बोलले होते त्या बाईशी. ते बाबा अजून तिथेच आहेत ना? मग जा."

मी गेले. मुलाखत चांगली झाली. त्यानंतर थियाने मेलचा पासवर्ड मॅडिसनला आईला दिला, आणि माझा फोन कोणी सांभाळला नाही. वर्गात भेटलो की ती बोलायची. सगळ्यांशी बोलते तशी.

मार्चमध्ये सगळ्यांच्या घरच्यांसमोर, कोणाला कुठली जागा मिळाली त्याची पाकिटं फुटली. मला तळ्याकाठचं प्रिलिम मिळालं आणि पुढे गावातच रेडिओलॉजी. थियाला रेडिओलॉजी शिकागोत, आणि त्याआधीचं वर्ष टोलेडोला, सर्जरीत. प्रिलिममधलं सगळ्यात जड काम. तिथल्या माणसाला झोप आणि जेवण यातलं एकच मिळतं. तिने पाकीट वाचलं, घडी घातली आणि आईला मिठी मारली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी ते वर्ष बाबांच्या आसपास काढलं. रोज सकाळी त्यांची बटणं लावून कामावर जायचे. टोलेडोची आठवण आली की जेवताना हात थांबायचा. वाटायचं, तिचे हाल माझ्यामुळे चाललेत.

वर्ष संपता संपता आमच्या वर्गातल्या एकाने कळवलं. थियाने शिकागोची जागा सोडली. टोलेडोवाल्यांनी तिला सर्जरीत कायमचं ठेवून घेतलं, तिनेच मागितलं म्हणे. सोबत फोटो होता. ऑपरेशनची टोपी, गळ्याशी उतरवलेला मास्क, डोळ्यांखाली काळं, आणि चेहऱ्यावर असं काही की जन्मभर हेच शोधत होती आणि सापडलं.

मी तिला अभिनंदन लिहिलं. तिचं उत्तर आलं, "थँक्स. बाबा कसे आहेत?" मी लिहिलं, बरे आहेत.

मग मी वॉर्डातल्या खुर्चीवर बसले. वाटायला हवं होतं ते सुटल्यासारखं. माझ्या हातून तिचं वाईट झालं नव्हतं. पण छातीपासून घशापर्यंत तेच कडू पुन्हा चढत आलं. मला हवं ते सगळं मला मिळालं होतं आणि माझा चेहरा कधी तसा दिसला नव्हता.