मेलेल्या शेरीफची ढेरी

"अगं, डोळे उघड ना! आता येईनच मी पडद्यावर," बेकरीवाला बायकोच्या कानात कुजबुजला.

"तुमचं मढं बघायची हौस नाही मला," ती म्हणाली आणि तिने डोळे आणखी घट्ट मिटले.

गावाबाहेरच्या खडकाळ माळावर या काउबॉय सिनेमाचं शूटिंग झालं होतं. झुबकेदार मिशांच्या जोरावर बेकरीवाल्याला खून झालेल्या शेरीफचं, म्हणजे तिकडच्या फौजदाराचं, काम मिळालं. टेबलावर निपचित पडून राहायचं, बस्स! तेव्हापासून गडी हवेत होता. ब्रेड बांधता बांधता गिऱ्हाइकांना मरून दाखवायचा. आज अख्खी गल्ली थिएटरात लोटली होती. बायकोला मात्र हॉस्पिटल आठवत होतं. शूटिंगच्या थोडंच आधी तो खरोखरच तिथे निपचित पडला होता, आणि ती खाटेशी बसून त्याच्या पोटाकडे बघत राहिली होती. वर-खाली होतंय ना, एवढंच.

सिनेमा भलताच काळाकुट्ट होता. मिणमिणता कंदील, घोंगावणारा वारा, एकामागून एक खून, आणि खुनी कोण ते कुणालाच कळेना. लोक जीव मुठीत धरून बसले होते. तेवढ्यात शेरीफ दिसला. टेबलावर आडवा, डोळे मिटलेले. आणि त्याची ढेरी चांगली वर गेली, खाली आली!

"अरे, जिवंत आहे हा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"सोंग करतोय! खुनी हाच!" शेजारचा औषधवाला उठून उभाच राहिला.

झालं! पुढे सगळ्यांना एकच घोर, शेरीफ उठतो कधी? नायकाने पाठ फिरवली की थिएटर ओरडायचं, "मागे बघ, मागे!" शेरीफ काही उठला नाही. पण लोक बाहेर पडले ते खुशीत.

"काय जीव टांगणीला लावला राव शेवटपर्यंत!" औषधवाला घाम पुसत म्हणाला.

बेकरीवाल्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "साधं मरायचं काम, तेही धड जमलं नाही मला," तो पुटपुटला. बायको खुदकन हसली.

"हसतेस काय? तू तर पाहिलंही नाहीस."

"पाहिलं की. जिवंत आहे म्हणून लोक ओरडले, तेव्हा उघडले डोळे." तिचा आवाज जरा ओला झाला. "हलत होतं हो पोट. उद्या पुन्हा येऊ या."

लोक बघताहेत म्हणून त्याने पोट आत ओढून घेतलं.

"राहू द्या ना तसंच," ती म्हणाली, आणि त्याचा दंड धरून चालू लागली.