थैली वल्ली झाली न्हाई

तुम्ही खोटारडे आहात. हे तोंडावर सांगितलेलं बरं, कारण पाठीमागं सांगणारे रग्गड आहेत आणि त्यानं तुमचं आजवर काही वाकडं झालं नाही. टेंभुर्णीच्या अलीकडचा रस्ता तुम्ही खणून ठेवला, बाजूला मातीचं वळण काढून दिलं, "थोडे दिवस कळ काढा" म्हणालात आणि निघून गेलात. त्या वळणावर दोन उन्हाळे सरले. माणसं फुफाटा खात गेली, फुफाटा खात परत आली. तुमच्या कागदावर तो रस्ता डांबरी झालाय म्हणे. झाला असंल. कागदावरनं कुणाची जीप जात नाही.

आता ऐका. एका थैलीची गोष्ट आहे, पण तुम्हाला ऐकावी लागंल.

अंतरवाली सराटीच्या गिरिजाबाईची लेक कौसल्या. तिचं लगीन टेंभुर्णीच्या रामकिसनशी ठरलं, नव्याण्णव सालच्या मे महिन्यात. लगीन नवरदेवाच्या दारी. नवरा-नवरीचे पांढरे कपडे मुलीकडच्यांनी आणायचे, असं बैठकीत ठरलं. बौद्धाचं लगीन पांढऱ्याशिवाय उभं राहत नाही. गिरिजाबाईनं जालन्याला जाऊन साडी स्वतः पसंत केली. दुकानदाराला ती दारात, उन्हात आणायला लावली आणि उलटसुलट करून पांढरेपणा पाहिला. दुकानदार वैतागला. वैतागू दे. तिच्या स्वतःच्या लग्नात तिला जावेची एकदा नेसलेली, पिवळी पडलेली साडी नेसवली होती आणि ते सासरी कुणीतरी बोलून दाखवलं होतं. ते ती अजून विसरली नव्हती. आपली पोरगी दुधावानी पांढरी उभी राहिली पाहिजे, तिला कुणी बोट लावता कामा नये, एवढं एकच तिचं मागणं होतं.

सवाल होता, हे न्यायचं कशात?

तिचा दीर कडूबा शहागड-अंबड जीप चालवायचा. घरातल्यांना कुठंही जायचं झालं की तीच जीप. आत माणसं कोंबायची आणि सामान टपावर, कॅरियरला बांधायचं. दर खेपेला काहीतरी व्हायचंच. लोखंडी पेटी ठेवली तर टप चेपलं आणि कडूबा किती तरी दिवस भावाशी धड बोलला नाही. पोतं बांधलं तर दोरीनं फाटलं आणि डबे शहागडच्या पुलावर गडगडत गेले. गाठोडं बांधलं तर थोरल्या नणंदेच्या लग्नाला जाताना वळवाच्या पावसात असं भिजलं की अर्धं वऱ्हाड ओल्या कपड्यात जेवायला बसलं. म्हणून यंदा टपासाठी मऊ पण मजबूत अशी खास थैली घ्यायची, असं घरात ठरलं. तिथून गिरिजाबाईच्या डोक्याला ताप सुरू झाला.

कारण थैली पसंत करणार होता तिचा नवरा, तातेराव. तो जालन्याला बियाण्याच्या गोदामात कामाला. शनिवारी घरी यायचा. गोदामात त्यानं सारा जन्म बियाण्याच्या थैल्या हाताळल्या होत्या, आणि बियाण्याचा वैरी एकच, ओल. ओल शिरली की बी गेलं. त्यामुळं जिच्यात ओल शिरत नाही ती चांगली थैली, बाकी सगळ्या भिकार, असा त्याचा हिशेब होता.

एका शनिवारी त्यानं जालन्याच्या बाजारातून चेनची निळी थैली पाहायला आणली. कडूबा खूश झाला.

"दादा, हीच घ्या! कशी चापूनचोपून बसती टपावर. इमानातून आल्यावानी दिसंल."

"चेनच्या दातातून पाणी झिरपतं," तातेराव म्हणाला. "तुला काय कळतं थैलीतलं? तू हॉर्न वाजव."

दुसऱ्या शनिवारी शहागडच्या ट्रकवाल्यांची ताडपत्री शिवून देणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची थैली आली. मेणकापडाचं अस्तर. वर गळा, गळ्यात दोरी, दोरी ओढून चुण्या पाडायच्या आणि वरून झाकण टाकून पट्ट्यानं बांधायचं.

"अवो, पण मी म्हणते," गिरिजाबाई म्हणाली, "साडी अन् नवरदेवाचे कपडे मी मांडीवर घेऊन बसते. थैलीत भांडी टाका, आहेर टाका."

"मांडीवर? अन् लेकरं कुठं बसवती? बॉनटवर?"

"मंग लेकरं थैलीत घाला!"

कडूबा हसला. तातेराव हसला नाही. त्यानं थैली अंगणातल्या लिंबाला टांगली आणि तीत पाणी ओतायला लावलं. बादलीवर बादली. गल्ली गोळा झाली. भर उन्हाळ्यात, हापशावर रांग असताना, हा माणूस थैलीला पाणी पाजून राह्यला होता. गिरिजाबाईला तोंड लपवावं वाटलं. थैली टम्म फुगली, मोटेसारखी लोंबली. तातेराव खाली उकिडवा बसून बुडाला हात लावून पाहत होता, म्हशीच्या कासेला लावतात तसा.

"थेंब न्हाई! बघ गिरिजे, थेंब न्हाई! आतलं पानी भाईर येत न्हाई, तं भाईरचं आत कसं जाईल?"

लोकांनी माना डोलावल्या. ते सगळं पाणी मग गिरिजाबाईनं घागरीनं उपसून काढलं, कारण ओतून द्यायला कुणाचा जीव होईना.

लग्नाच्या दिवशी सकाळीच जीप भरली. इतकी की दार लावायला बाहेरून ढकलावं लागलं. गिरिजाबाई साडीचं गाठोडं पोटाशी धरून बसली होती. तिच्या एका मांडीवर नणंदेचा पोरगा बसला, दुसऱ्या मांडीवर त्याची बहीण आली. तातेरावनं खिडकीतून हात घातला.

"आन इकडं. चुरगाळून ठेवशील. थैली कशासाठी आणली?"

"ऱ्हाऊ द्या हो."

"आभाळ बघ की. वळीव आला म्हंजे?"

आभाळात कापसाच्या बोंडाएवढा एक ढग होता. पण मागं नणंद बसली होती, तिच्या लग्नाचा ओला इतिहास बसला होता. गिरिजाबाईनं गाठोडं दिलं.

वळीव आला नाही. तुमचं वळण आलं.

घोट्याएवढा फुफाटा. पुढं ट्रक, मागं ट्रक. ट्रकच्या मागं उठलेल्या धुळीत कडूबानं दिवसाढवळ्या दिवे लावले. आत सगळ्यांनी पदर, टॉवेल, जे हाताला लागलं ते तोंडावर घेतलं. जीप खड्ड्यात आदळायची, उसळायची, पुन्हा आदळायची, आणि दर आदळ्याला तातेराव नाकावरचा रुमाल काढून वर बघत म्हणायचा, "बराबर बसली हाये थैली. हालत न्हाई."

टेंभुर्णीत जीप थांबली तेव्हा माणसं ओळखू येत नव्हती. व्याही काकासाहेबांनी पाणी दिलं, जयभीम झाला. थैली उतरवली. तातेरावनं ती वऱ्हाडासमोर थोपटली. "पाहा. सुकी ठणठणीत."

मग झाकण उघडलं, दोरी सोडली.

आतलं गाठोडं वरून मातीसारखं दिसत होतं. गिरिजाबाईनं घाईनं गाठ सोडली. साडीच्या घडीघडीत पीठ भरल्यावानी धूळ. नवरदेवाचा शर्ट झटकला तर समोरचा माणूस दिसेना. झालं असं होतं की मऊ थैली खड्ड्यात दबायची, उसळली की फुगायची, आणि फुगताना गळ्याच्या चुण्यांतून हवा ओढून घ्यायची. लोहाराचा भाता तरी काय वेगळं करतो? सगळ्या वळणाची धूळ त्या थैलीनं ओढून पोटात घेतली होती. पाणी मात्र खरंच शिरलं नव्हतं.

"वल्ली तं झाली न्हाई ना," तातेराव पुटपुटला.

"एक शब्द बोलू नका," गिरिजाबाई म्हणाली. "आज माझ्याशी एक शब्द बोलू नका."

नवरदेवाची आई मालनबाई आली. तिनं साडी चिमटीत धरली.

"इहीणबाई, अशी आणली का येतानी अशी झाली?"

हेच. नेमकं हेच ऐकायचं नव्हतं गिरिजाबाईला.

"येतानी झाली, इहीणबाई."

"टँकर उद्या येनार हाये, न्हाई तं धुतली असती. माझी गुलाबी देते. नेसवा."

"माय, न्हाई," कौसल्या म्हणाली. "हीच झटकून नेसते. गुलाबी नेसून पंचशील घेऊ का?"

मायलेकींनी साडी दोन टोकांना धरून झटकली. झटकली तेवढी धूळ उडाली, बाकीची धाग्यात मुरली. पांढरा तो पांढरा राहिला नाही, गव्हाळ झाला.

बाहेर माईक लागला होता. काकासाहेब त्याच रस्त्याच्या कामावर मुकादम, म्हणून तुमचे रस्त्याचे साहेब पाहुणे होते. साहेब आले. कडक पांढरा सफारी, बूट चकचकीत. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून खुर्चीत बसले. नवरा-नवरी समोर उभी राहिली, दोघंही मातीच्या रंगाची. मांडवात बायका एकमेकींच्या कानाशी लागल्या. मालनबाई खाली बघत होती.

तेवढ्यात कडूबा मांडवात शिरला आणि वहिनीच्या मागं येऊन बसला.

"वहिनी, साहेबाच्या डायवरशी बोलून आलो. देऊळगावराजाकडून वळसा घालून आले म्हन्ला. इकडून कपडे खराब व्हत्यात म्हणं."

साहेबांनी माईक हातात घेतला. दोन्ही कुटुंबांना शुभेच्छा दिल्या. मग म्हणाले, "रस्त्याचं काम पूर्ण झाल्यामुळं आज मुलीकडची मंडळी अगदी आरामात आली असतील."

गिरिजाबाई उठली.

"गिरिजे, खाली बैस," तातेराव दबल्या आवाजात म्हणाला. "इवायाची नौकरी हाये. पोरीला इथं नांदायचंय."

ते तिलाही कळत होतं. तिनं व्याह्याकडं पाहिलं. काकासाहेब साहेबांसाठी हातात घेतलेल्या टॉवेल-टोपीची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. तिनं कौसल्याकडं पाहिलं. कौसल्या एक पाऊल बाजूला सरकली आणि तिनं आईला जागा करून दिली. गिरिजाबाईनं पुढं होऊन साहेबांच्या हातातला माईक घेतला.

"जयभीम साहेब. मी नवरीची माय," गिरिजाबाई म्हणाली. स्वतःचाच आवाज कर्ण्यातून ऐकून ती क्षणभर दचकली. "ही साडी पांढरी व्हती. नवरदेवाचे कपडे बी पांढरे व्हते. आमी पिवळं न्हाई आणलं. हे सगळ्या मांडवानं ऐकावं, मंग बाकीचं."

मालनबाईनं मान वर केली.

साहेब हसले. "बाई, शुभ कार्यात असा विषय नको. आपण नंतर बोलू."

"शुभ कार्य माझ्या पोरीचं हाये, मला ठावं हाये. तुमी पाव्हणे हाव, तुमाला हार हाये, टोपी हाये, जेवन हाये. पर आमच्या पोरीच्या अंगावर सगळ्या वळनाची माती हाये अन् तुमच्या बुटावर न्हाई, हे कसं?"

"त्याचं असं आहे..."

"असं न्हाई न् तसं न्हाई. तुमचा रस्ता पूर्ण झाला, तं तुमी देऊळगावराजाकडून वळसा घालून का आले?"

साहेबांनी काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेबांनी टॉवेल-टोपी खुर्चीवर ठेवून दिली.

"त्यांच्याकडं काय पाहता?" गिरिजाबाईनं माईक साहेबांच्या तोंडापुढं धरला. "मी इचारलंय, मला सांगा. नवरा-नवरी उभे हायेत. बोला."