आधी घरच्या अंगावर

"सभेत तासभर भाषण ठोकणारा माणूस घरी येऊन पोरीच्या पाठीत धपाटा घालतो, ही कुठली रीत झाली?"

मास्तरीणबाईंनी कात्री टेबलावर हळूच ठेवली. त्यांनी कात्री आपटली तर दुकानात कुणी मान वर करत नसे. हळूच ठेवली की मशीन थांबायची. थोरल्या सुनेने पायडलवरचा पाय काढला.

धाकटा मुलगा दाराच्या चौकटीत उभा होता. त्याची पुतणी आजीच्या मागे दडून नाक ओढत होती. तिच्या मुठीत अजून लाल फितीचा तुकडा होता. टेबलाखाली पसरलेल्या कुत्र्याच्या गळ्यात ती तो बांधत असताना काकाने तिला दंडाला धरून ओढलं होतं, आणि वर एक धपाटाही दिला होता.

"लागलं नाहीये तिला," तो म्हणाला. "त्या कुत्र्याच्या अंगाशी खेळायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"कधी सांगितलंस?"

"आता सांगतोय."

"मागच्या महिन्यापर्यंत तूच तिला त्याच्या शेजारी झोपवून फोटो काढत होतास."

वहिनीने पुढे केलेला पेला त्याने डाव्या हाताने घेतला, घोटभर पाणी पिऊन ठेवला आणि निघाला. जाताना टेबलाखाली एकदा पाहिलं. त्या पाहण्यात माया नव्हती, एवढं बाईंना कळलं.

"उकाड्याने कापड हाताला चिकटतंय, आणि हा मनगटापर्यंत बटणं लावून फिरतोय," त्या सुनेला म्हणाल्या. "कुठेतरी पाणी मुरतंय गं."

शाळेत दुसरीच्या पुढे न गेलेल्या या बाईला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची ती नवऱ्यामुळे. नवरा शिंपी होता, आणि शिंप्याला मास्तर म्हणायची पद्धत. मास्तर गेले, पण दुकानातली मास्तरकी बाईंनी कुणाला दिली नाही. थोरला मुलगा गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घ्यायचा, सून मशीन चालवायची, कापड बेतायच्या मात्र बाईच. मास्तरांनी घालून दिलेली एक रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. कुठलाही नवा बेत आधी जुन्या चादरीवर कापायचा, कच्चे टाके घालायचे आणि घरातल्याच कुणाच्या तरी अंगावर चढवून बघायचा. तिथे बसला, की मग गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री. धाकट्याचं अर्धं बालपण परक्या पोरांचे सदरे घालून, टाचण्या टोचून घेत, हात पसरून उभं राहण्यात गेलं होतं. त्याच्या कानावर पहिला शब्द 'हलू नको' हाच पडला असणार, असं थोरला म्हणायचा.

तोच धाकटा वकील झाला आणि आता कुत्री पाळण्याचे नियम नव्याने बेतणाऱ्या समितीचा प्रमुख होता. गावात चावे वाढले होते. एका शाळकरी मुलीचा गाल फाटला, तेव्हा कुठे पालिका जागी झाली. समितीने नियम केले ते कडक. कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचं नाव हवं. रस्त्यावर न्यायचा तर दोरी हवी, तोंडाला मुसकी हवी. चावलेला कुत्रा वस्तीत राहणार नाही, गावाबाहेरच्या कोंडवाड्यात जाईल. आणि शेवटचा नियम धाकट्याने सभेत बोट आपटून सांगितला होता: चावा लपवणारा चावणाऱ्याइतकाच दोषी.

बाईंना सगळं पटलं होतं, एक मुसकी सोडून. त्यांचा कुत्रा पांढरा, धिप्पाड, एका डोळ्याभोवती काळा डाग. म्हणून त्याचं नाव ठिगळ. वयाने त्याचा तोच डोळा आता दुधी झाला होता.

"ठिगळच्या तोंडाला मुसकी? आधी माझ्या तोंडाला लाव," त्या म्हणाल्या होत्या.

"तुझ्या मापाची मिळत नाही बाजारात," धाकटा म्हणाला होता, आणि मायलेक खळखळून हसले होते. दोघांनी मिळून हसण्याची ती शेवटची वेळ.

नव्या नियमाने पहिला कुत्रा गेला तो समोरच्या घड्याळवाल्याचा. त्याच्या काळी नावाच्या कुत्रीने डाकवाल्याची पोटरी धरली. पालिकेची गाडी आली, तेव्हा गल्ली दारादारांत उभी होती. घड्याळवाला एकटा माणूस. काळीची साखळी हातात घेऊन नुसताच उभा राहिला. बाईंनी आपल्या पायरीवरून त्याला ऐकवलं होतं, "नियम सगळ्यांना सारखा, घड्याळवाले. उद्या आमच्यावर आला तर आम्हीही रडत बसणार नाही."

"बघू," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने खुर्ची फिरवून रस्त्याकडे पाठ केली. उजेड मागून यायचा, स्वतःचीच सावली घड्याळांवर पडायची, पण खुर्ची काही वळली नाही.

धपाट्यानंतर बाईंनी धाकट्यावर नजर ठेवली. तो आला की दुकानाच्या मधोमध न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसे. ठिगळ उठून त्याच्याकडे निघाला की त्याला एकाएकी फोन करायचा असे. एकदा त्याने मागच्या दाराची कडी वाजवून पाहिली.

"हे बंदच असतं ना? ठिगळला मोकळा सोडत नाहीस ना तू?"

"का? गाडी कधी यायची आहे?"

"कसली गाडी?"

"ते तूच सांग."

त्याचा चेहरा उतरला. तो उतरला, म्हणजे आपला बाण लागला, असं बाईंनी धरलं. त्या दिवसापासून मागच्या दाराची किल्ली त्यांच्या कमरेला आली. ठिगळला फिरवायचंही त्याच बघू लागल्या. अंगणात, चार भिंतींच्या आत.

"भावजी तसे नाहीत हो, आई," सून म्हणाली.

"कसे नाहीत? उद्या सभेत सांगायला बरं, की आईचाही कुत्रा मी सोडला नाही. टाळ्या पडतील. लोकांच्या टाळ्यांसाठी पोरं काय काय करतात."

सून काजं करत होती. सुई थांबवून म्हणाली, "परवा दवाखान्यातून बाहेर पडताना दिसले मला. विचारलं, तर सहज आलो होतो म्हणाले."

"दवाखान्यात सहज कोण जातं? देवळात जातात सहज."

"तेच मला वाटलं."

"आणि जनावरांचा डॉक्टर त्याच इमारतीत बसतो." बाईंनी मान डोलावली. "ठरलंय गं त्याचं. कागद तेवढा रंगवायचा राहिलाय."

ठिगळने झोपेत पाय झाडले. बाईंनी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तो दचकला, आणि मग वास ओळखून पुन्हा निवला.

गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला एक बटण कमी पडलं, म्हणून दुपारी बाईंनी बटणांचा डबा टेबलावर पालथा केला. या घरात सदरा फाटला तरी त्याची बटणं आधी कापून डब्यात जात, मग सदरा चिंध्यांच्या पोत्यात. थोरल्याने, धाकट्याने हे बोलायला लागायच्या आधी शिकून घेतलं होतं. बोटाने बटणं सारता सारता बाई थांबल्या. चार निळसर बटणांच्या भोकांत अजून दोरा अडकलेला होता. दोरा गडद निळा. धाकटा समितीवर निवडून आला, तेव्हा त्यांनी स्वतः त्याला आकाशी सदरा शिवला होता, जुळता दोरा संपला म्हणून गडद घेतला होता आणि वर म्हटलं होतं, "जवळ येऊन बघणाऱ्यालाच कळेल." तो सदरा अजून वर्षाचाही नव्हता.

"हा सदरा टाकायला दिला होता त्याने?"

"माझ्याकडे नाही दिला," सून म्हणाली.

बाईंनी चिंध्यांचं पोतं ओढून फरशीवर उपडं केलं. अस्तरांच्या पट्ट्या, कॉलरचे तुकडे, रंगीत कातरणं. अगदी तळाशी आकाशी कापडाची एक गुंडाळी निघाली. त्यांनी ती उलगडली. उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेली होती. कात्रीने नव्हे, ओढून. कडांवर धुऊनही न गेलेला तपकिरी डाग. आणि गुंडाळीच्या आत चामड्याची एक कोरी मुसकी, एका पट्ट्यावर दातांच्या खुणा.

सून उठून जवळ आली. "अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

बाईंनी फाटलेली बाही टेबलावर पसरली, तळव्याने सरळ केली, कडेला कड जुळवून पाहिली. आपण दुपारी लवंडलो की घर कसं निपचित पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. अशाच एखाद्या दुपारी तो पाय न वाजवता आला असणार. आईला न कळत मुसकी बसवून बघू म्हणून, दुधी डोळ्याच्या बाजूने.

टेबलाखालून नातीचा आवाज आला. ती ठिगळच्या कानात काहीतरी सांगत होती.

"इकडे ये," बाई म्हणाल्या.

"थांब ना आजी."

"इकडे ये म्हणते ना."

पोरगी बाहेर आली. बाईंनी तिला उचलून टेबलावर बसवलं, आणि मग स्वतःच स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांचा हात पोरीच्या पावलावर होता.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला तेव्हा आकाशी सदरा टेबलावर घडी घालून ठेवला होता. बटणं पुन्हा लावली होती. बाही तशीच फाटकी. शेजारी मुसकी, तिला आतून मऊ कापडाचं अस्तर लागलेलं. सून पोरीला घेऊन आत गेली.

"हात दाखव," बाई म्हणाल्या.

त्याने आधी सदऱ्याकडे पाहिलं, मग बाही वर केली. जखम भरत आली होती. दातांच्या जागा मात्र स्पष्ट होत्या.

"सुया घेतल्यास?"

"सगळ्या घेतोय. काळजीचं काही नाही."

"सदरा जाळायचा होतास. गटारात टाकायचा होतास."

"कापड टाकवलं नाही," तो म्हणाला. तेवढ्यावरून त्यांना हसू आलं असतं, एरवी.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याची चूक नव्हती, आई. झोपेत होता. मीच न दिसणाऱ्या बाजूने हात घातला." त्याने टेबलाखाली पाहिलं. "सांगितलं असतं तर त्याला न्यावं लागलं असतं. तो समोर बसल्याशिवाय तू जेवत नाहीस. बाबा गेल्यापासून."

"म्हणजे माझ्या जेवणासाठी."

"हो."

"आणि पोरीचा गाल?"

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"काळीचं काय? ती जागी होती का झोपेत होती, विचारलं होतंस घड्याळवाल्याला?"

"नाही विचारलं."

"मीही नाही," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. टेबलाशी वाकून त्यांनी ठिगळला नावाने हाक मारली, डोळ्याच्या चांगल्या बाजूने हात पुढे केला, हुंगू दिला आणि मुसकी चढवली. ठिगळने एकदा पंजाने नाक घासलं, मग उभा राहिला. बाईंनी पट्ट्याला दोरी अडकवली. दोरीचं दुसरं टोक त्यांनी धाकट्याच्या हातात दिलं. उजव्या.

"आई, अजून कुणालाच माहीत नाही."

"घड्याळवाल्याला आधी सांग. मग पालिकेला."

"माझं पद जाईल."

"जाईल."

"आणि तू?"

बाईंनी त्याची वर गेलेली बाही खाली ओढली नाही. उलट आणखी एक घडी मारून कोपराच्या वर नीट बसवली, लहानपणी माप घेताना मारायच्या तशी. मग त्यांनी दार उघडलं. रस्त्यापलीकडे घड्याळवाला पाठमोरा बसला होता. ठिगळची नखं पायरीवर वाजली, तशी समोर खुर्ची करकरली.

"नियम तू बरोबर बेतलास," बाई धाकट्याला म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "घरच्या अंगावर चढवायला तेवढा भ्यालास. आता हलू नकोस."