काळुरामची दोन वर्षे

“तू आठच बोलला असतास, तर काय झालं असतं रे?” हरिहर सरांनी चष्मा पुसत विचारले.

“तुमीच बोललेलात, आठ बोललास तर शाळा बंद. मंग मी दहा बोललो.”

सरांच्या डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात काळुराम खुर्चीच्या कडेवर बसला होता. पन्नास वर्षांपूर्वी कल्याणपलीकडच्या त्याच्या गावात सरांनी भीमाबाईच्या पडवीत पाचवीचा वर्ग सुरू केला, तेव्हा मान्यतेसाठी वीस मुले हवी होती आणि जमली होती एकोणीस. तिसरीतल्या काळुरामच्या वयात दोन वर्षे घालून सरांनी विसावे नाव लिहिले. जन्मतारीख, १ जून १९६४. तपासणीला आलेल्या साहेबांना शंका आली होती. पण पोर ठामपणे ‘दहा’ म्हणाले आणि वर्ग टिकला.

पुढे पडवीतली शाळा कौलांखाली गेली, कौले जाऊन मजले चढले. शेतांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांतून मुले येऊ लागली, पट हजारावर गेला. काळुराम मात्र झेपत नसलेल्या अभ्यासामागे धापा टाकत राहिला. आठवीत दोनदा नापास झाला आणि काही वर्षांनी त्याच शाळेत शिपाई म्हणून लागला. या मे महिन्याच्या अखेरीस कागदोपत्री त्याची साठ वर्षे भरून तो निवृत्त होणार होता.

“धाकटीच्या नर्सिंगची अजून दोन वर्सं हायेत, सर. तवर नोकरी राहिली तर बरं होईल. दीप्ती मॅडम बोलल्या, सरांनी लिवून दिलं तर संस्थेकडं पाठवते.”

दीप्ती म्हणजे शाळेची लिपिक. पत्र तिनेच टाइप करून दिले होते. सरांनी ते दोनदा वाचले. पुढच्याच महिन्यात शाळेच्या सुवर्णमहोत्सवात त्यांचा सत्कार व्हायचा होता.

“‘वय चुकून जास्त नोंदवले गेले.’ चुकून?”

“तुमाला तरास नको म्हनून लिवलं त्यांनी.”

सरांनी तो शब्द खोडला, वर ‘जाणूनबुजून’ असे लिहिले आणि सही केली.

“तुझ्या वडिलांना तरी विचारायला हवं होतं मी.”

“बापूस बोलला असता, घेऊन जा. बकऱ्या राखताना पन झोपायचो मी!”

सर हसले नाहीत.

आठवड्याने दीप्तीने त्याला कार्यालयात बोलावले.

“काळुरामदादा, पत्र परत आलं. तारीख बदलायचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो म्हणे.”

“तवा रिटायर कोन होत होता, मॅडम?”

तिने फाइलमधून पत्र काढले. “आणि सरांचं पत्र फाइलला लावू नका म्हणाले संस्थेवाले. महोत्सव आहे ना.”

“द्या इकडं. सरांना नेऊन देतो. उगाच वाट बघत बसतील.”

पत्राची घडी त्याने खिशात ठेवली. टेबलावर पेन्शनचा फॉर्म पडला होता.

“मी भरू का, दादा?”

“नको.”

त्याने स्टूल ओढून घेतले. ती तारीख आजवर कायम दुसऱ्याच कोणीतरी लिहिली होती. रकान्याच्या रेघेला कुठेही पेन लागू न देता त्याने सावकाश लिहिले: १ जून १९६४.