भित्रा नको, बढाईखोर नको

“मी गेल्यावर यांना पत्त्यांना जोडीदार शोधून दे. भित्रा नको, आणि बढाईखोर तर मुळीच नको,” सासूबाई शेवटच्या आजारपणात म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं. त्यांच्या त्या ब्रिजच्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी म्हटलं.

त्या गेल्या आणि मामंजींनी पत्त्यांना हात लावला नाही. डावाला समोर जन्मभर त्याच बसायच्या. क्लबात दुसऱ्या कुणासमोर बसणं त्यांच्या जिवावर यायचं. दिवसभर खिडकीशी खुर्ची. डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं, पण उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. गुडघे आखडत चालले होते.

शेवटी मी कॉम्प्युटरवर ब्रिजचा प्रोग्राम घेतला.

“यात माणसासारखा जोडीदार निघाला तर रोज फिरायला जाईन. शब्द देतो,” मामंजी म्हणाले. निघणार नाही, याची त्यांना खात्रीच होती.

पहिला प्रोग्राम जिंकलेल्या प्रत्येक हाताला टाळ्या वाजवायचा. “मला काय बालवाडीत घातलंय?” दुसऱ्यात टाकलेलं पान मागे घ्यायचं बटण होतं. केवढी ही सोय, म्हणून मी कौतुकाने दाखवायला गेले, तर ते उखडलेच. “सूनबाई, तुझा उपास मोडला तर मागे घेतेस का?”

मी तोही प्रोग्राम काढून टाकला.

तिसऱ्यात जोडीदाराने बोली कशी लावावी, ते आधी ठरवून देता येत होतं. मी एकेक प्रश्न वाचला, त्यांनी उत्तरं दिली. “पाच बदाम असल्याशिवाय बदाम बोलायचे नाहीत. पानं हलकी असली तर मुकाट्याने पास.” सांगता सांगता आवाज ओलावला. या सवयी कुणाच्या, ते मला कळलं.

डाव सुरू झाला. मी देवापाशी जपाला बसले. थोड्या वेळाने बाहेरून आवाज चढला, “अगं, हातात राजा-राणी घेऊन पास काय म्हणतेस! तेव्हाही हेच, आताही हेच!”

घरात पुन्हा भांडण! माळ हातातच राहिली. छातीवरचा धोंडा उतरला बाई.

सकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं. दुसऱ्या दिवशी समईत तेल घालत होते, तोच चपलांच्या कपाटाचं दार करकरलं. मामंजी भिंतीला धरून बूट चढवत होते.

“काही बोलू नकोस हं,” ते पुटपुटले. “मौन आहे तुझं.”

मी काठी पुढे केली. त्यांनी हळूच बाहेरच्या दाराची कडी काढली.